प्रभूची वाट पाहणारे विल्यम मिलर

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्राच्या तासास दानीएलाचें किंवा प्रकटीकरणाचें पुस्तक वाचावयास घेतलें म्हणजे वर्गांतून एक प्रश्न हटकून येतो. जगाचा अंत केव्हां होणार? विचारणाऱ्याच्या मुद्रेवर कुतूहल असतें आणि त्या कुतूहलाखालीं थोडें भयहि असतें. ह्याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत ज्यांनीं आपलें अर्धें आयुष्य वेंचलें, आणि ज्यांचें उत्तर साऱ्या जगासमक्ष चुकीचें ठरलें, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र आज तुम्हांस सांगण्याचें योजिलें आहे. चुकलेल्या माणसाचें चरित्र कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु चूक पदरीं आल्यावर त्यांच्यापाशीं काय शिल्लक राहिलें, हें पाहिलें म्हणजे भविष्यवादाचें खरें मर्म आपणांस कळून येईल.

विल्यम मिलर ह्यांचा जन्म ता. १५ फेब्रुवारी १७८२ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत पिट्सफील्ड ह्या गांवीं झाला. मराठी लोकांस शुभवर्तमान सांगण्यासाठीं १८१३ सालीं मुंबईस आलेले मिशनरी गॉर्डन हॉल हे ह्याच संस्थानांतले, व वयानें मिलर ह्यांच्याहून अवघ्या दोन वर्षांनीं लहान. विल्यम चार वर्षांचा असतां त्याचे आईबाप न्यूयॉर्क संस्थानांतील लो हॅम्प्टन येथें शेती करावयास गेले. सोळा भावंडांत तो सर्वांत थोरला. त्यामुळें शेतकामांतून सवड मिळे ती केवळ हिवाळ्यांत, आणि शाळाहि तेवढीच. पण वाचनाची भूक मोठी. घरचीं मंडळी निजलीं म्हणजे हा मुलगा हळूच उठे, राळेनें भरलेल्या पाइन लांकडाच्या गांठी पेटवी आणि त्या उजेडांत मागून आणलेलीं पुस्तकें वाचीत बसे. आज विजेच्या दिव्याखालीं जांभया देणाऱ्या आपल्या मित्रांनीं हें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणावें.

१८०३ सालीं त्यांचा ल्यूसी स्मिथ ह्या मुलीशीं विवाह झाला व ते व्हर्मॉंट संस्थानांत पोल्टनी येथें राहूं लागले. तेथें ग्रंथालय होतें आणि विद्वान् मित्रहि होते. त्या मित्रांचें मत असें कीं, देवानें हें जग घड्याळाप्रमाणें करून त्यास एकदां किल्ली दिली. आतां तो त्याकडे पाहात नाहीं, कोणाची प्रार्थना ऐकत नाहीं, आणि पवित्र शास्त्र ही माणसांनीं रचलेली कथा आहे. मिलर ह्यांस तें मत पटलें. इतकेंच नव्हे, तर त्यांचे आजोबा व चुलते उपदेशक होते, त्यांच्या उपदेशाची नक्कल करून ते मित्रांस हंसवीत. परंतु एकांतीं त्यांचें मन अस्वस्थ असे. ज्या देवास आपली ओळखच नाहीं, त्यापाशीं अपराध झाला असतां क्षमा कोणी मागावी? आणि मरणानंतर कांहींच नसेल, तर जगणें तरी कशासाठीं?

इतक्यांत १८१२ सालीं अमेरिका व इंग्लंड ह्यांच्यांत युद्ध सुरू झालें. मिलर सैन्यांत कप्तान झाले. ता. ११ सप्टेंबर १८१४ रोजीं शॅम्प्लेन सरोवराच्या कांठीं प्लॅट्सबर्ग येथें मोठी लढाई झाली. त्यांच्यापासून अवघ्या दोन फुटांवर तोफेचा गोळा फुटला. जवळचे तीन सैनिक घायाळ झाले, एक ठार झाला, आणि मिलर ह्यांच्या केसासहि धक्का लागला नाहीं. इंग्रजांचें सैन्य संख्येनें पुष्कळ मोठें असूनहि त्यांस माघार घ्यावी लागली. घड्याळास किल्ली देऊन निघून गेलेला देव हें कसें करील, असा विचार तेव्हांपासून त्यांच्या मनांत घर करून बसला.

युद्ध संपल्यावर ते लो हॅम्प्टनला परतले. त्यांचे वडील तत्पूर्वींच वारले होते. गांवच्या मंडळींत पाळक नसले म्हणजे छापील उपदेश वाचून दाखविण्याचें काम त्यांच्याकडे येई. १८१६ च्या सप्टेंबरांत एका रविवारीं असाच उपदेश वाचीत असतां त्यांचा कंठ दाटून आला व त्यांस पुढें वाचवेना. आपल्या अपराधांचें प्रायश्चित्त स्वतः सोसणारा कोणी दयाळू तारणारा असेल, तर तो किती प्रिय वाटावा, हा विचार त्यांच्या अंतःकरणास भिडला. आणि असा तारणारा पवित्र शास्त्रांतच भेटतो, असें त्यांस दिसून आलें. वाचकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. पुढें ज्यांनीं न्यायाचा दिवस जवळ आला म्हणून साऱ्या देशास जागें केलें, त्यांस प्रथम जागें केलें तें भयानें नव्हे, दयेनें.

जुने मित्र आतां त्यांसच हंसूं लागले, आणि शास्त्रांतील विसंगति दाखवूं लागले. तेव्हां मिलर ह्यांनीं टीकाग्रंथ बाजूस ठेवले. बायबल आणि क्रूडन ह्यांचा शब्दसूचिग्रंथ एवढींच पुस्तकें जवळ घेतलीं, आणि उत्पत्तीपासून एकेक वचन नीट उमगल्याखेरीज पुढें जावयाचें नाहीं, असा नेम केला. दोन वर्षें हा अभ्यास चालला. दानीएलाच्या आठव्या अध्यायांत पवित्रस्थान शुद्ध होण्यापूर्वीं दोन हजार तीनशें दिवस जातील असें सांगितलें आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष, असें पूर्वीच्या अनेक पंडितांप्रमाणें त्यांनीं मानलें. त्या काळाचा आरंभ यरुशलेमेविषयींच्या पारसी राजाच्या आज्ञेपासून, म्हणजे इ. स. पू. ४५७ पासून धरला. २३०० मधून ४५७ वजा केले म्हणजे १८४३ उरतात. पवित्रस्थानाची शुद्धि म्हणजे प्रभूचें दुसरें आगमन, असा अर्थ त्यांनीं केला. १८१८ सालीं त्यांचा निश्चय झाला कीं, आणखी सुमारें पंचवीस वर्षांनीं प्रभु येशू परत येणार.

आपण पाहिलेलें खोटें तर नसेल ना, म्हणून त्यांनीं हा हिशेब वर्षानुवर्षें तपासला. लोकांपुढें बोलण्याचा त्यांस अत्यंत संकोच. आपण शेतकरी, उपदेश करणें हें शिकलेल्या पाळकांचें काम, असें ते मनाला समजावीत. परंतु यहेज्केलाच्या पुस्तकांतील पहारेकऱ्याचा दाखला त्यांस झोंप येऊं देईना. तलवार येतांना दिसत असतां पहारेकऱ्यानें शिंग फुंकलें नाहीं, तर मरणाऱ्यांचा दोष त्याच्या माथीं येतो. मुलांनो, तो सबंध अध्याय वाचून पाहा. दुष्टाच्या मरणानें देवास संतोष होत नाहीं, त्यानें वळावें व वांचावें हीच त्याची इच्छा आहे, हें तेथेंच सांगितलें आहे. ज्यास नाश करावयाचा आहे तो पूर्वसूचना देत नाहीं. ज्यास वांचवावयाचें आहे तोच देतो.

अखेर १८३१ च्या ऑगस्टांतील एका शनिवारीं त्यांनीं देवास वचन दिलें कीं, कोणी बोलाविलें तर मी जाईन. बोलावणें येणार नाहीं ही मनांतून खात्री होती. पण अर्ध्या तासाच्या आंतच ड्रेस्डन गांवाहून त्यांचा भाचा निरोप घेऊन दारीं उभा राहिला: उद्यां आमच्याकडे पाळक नाहींत, आपण येऊन बोलावें. मिलर कांहीं न बोलतां जवळच्या झाडींत गेले आणि देवाशीं झगडून परत आले. दुसऱ्या दिवशीं त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरील शेतकऱ्यानें आपलें पहिलें व्याख्यान दिलें.

तेथून बोलावणीं थांबलींच नाहींत. १८३३ सालीं बाप्तिस्त मंडळीनें त्यांस उपदेशकाचा परवाना दिला. १८३९ च्या अखेरीस बोस्टन शहरांतील पाळक जॉशुआ हाइम्स ह्यांची गांठ पडली आणि खेड्यांतला हा संदेश शहरांत गेला. वर्तमानपत्रें निघालीं, कालगणनेचे मोठे तक्ते रंगले, हजारों लोक मावतील असा तंबू उभा राहिला. त्यांच्या अनुयायांची संख्या पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत, किंवा त्याहूनहि अधिक धरितात. ह्या कामांत त्यांनीं धन मिळविलें नाहीं. उलट आपल्या शेताच्या उत्पन्नांतून पुष्कळसा खर्च केला. त्या दिवसाविषयीं व घटकेविषयीं कोणासहि ठाऊक नाहीं, असें प्रभूनेंच सांगितलें असतां तुम्ही वर्ष कसें सांगतां, असा आक्षेप अनेक पाळकांनीं घेतला. मी दिवस सांगत नाहीं, सुमारें काळ सांगतों, असें मिलर ह्यांचें उत्तर असे. आक्षेप योग्य होता, आणि उत्तर अपुरें होतें, असें आपणांस आज म्हणावें लागतें.

ता. २१ मार्च १८४३ पासून २१ मार्च १८४४ पर्यंतच्या वर्षांत प्रभु येईल असें त्यांनीं म्हटलें होतें. तें वर्ष गेलें. मिलर ह्यांनीं आपली चूक उघडपणें कबूल केली. तथापि इसवी सनांत शून्य वर्ष नाहीं, म्हणून वजाबाकींत एक वर्षाचा फरक पडतो, हें अनुयायांच्या ध्यानांत आलें; आणि सॅम्युएल स्नो ह्या उपदेशकानें ता. २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमून सांगितला. मोशाच्या नियमशास्त्रांतील प्रायश्चित्ताचा दिवस त्या दिवशीं पडतो, अशी त्याची गणना होती. मिलर कित्येक आठवडे कचरले, पण ऑक्टोबरच्या आरंभीं त्यांनींहि तो दिवस मान्य केला. कित्येक शेतकऱ्यांनीं उभें पीक काढलें नाहीं. कित्येकांनीं दुकानें बंद करून देणीं फेडलीं, भांडणें मिटवलीं, वैऱ्यांची क्षमा मागितली.

तो दिवस उजाडला आणि मावळला. रात्रहि सरली. दुसऱ्या दिवशीं सूर्य नेहमींप्रमाणें उगवला, आणि वाट पाहणारीं माणसें एकमेकांच्या गळ्यांत पडून रडलीं. बाहेर हंसणाऱ्यांची गर्दी उसळली. पांढरे झगे घालून हे लोक आकाशांत जावयास उभे होते, अशी कथा पसरली; पुढें शोध करणाऱ्यांस तीस विश्वसनीय पुरावा मिळाला नाहीं. १८४५ च्या आरंभीं गांवच्या ज्या मंडळींत मिलर ह्यांनीं इतकीं वर्षें सेवा केली, तिनेंहि त्यांस वेगळें केलें.

आतां मिलर ह्यांचें वर्तन पाहा. त्यांनीं देवास दोष दिला नाहीं, शास्त्र टाकलें नाहीं, आणि आपली चूक झांकली नाहीं. त्यांनीं आपल्या आयुष्याची हकीकत व चुकीची कबुली छापून प्रसिद्ध केली. पुन्हां तारीख नेमण्याच्या भरीस ते पडले नाहींत. आज, आणि आज नाहीं तर उद्यांचा आज, ह्या भावनेनें प्रत्येक दिवस प्रभूचा म्हणून घालवावा, असें त्यांनीं ठरविलें. १८४८ सालीं त्यांच्या शेतावर एक लहान उपासनामंदिर उभें राहिलें. त्याच सुमारास त्यांची दृष्टि गेली. ज्या डोळ्यांनीं एकेक वचन चाळलें होतें ते मिटले, पण आशा मिटली नाहीं. ता. २० डिसेंबर १८४९ रोजीं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या चळवळींतून पुढें निरनिराळ्या मंडळ्या निघाल्या. १८६३ सालीं संघटित झालेली सेव्हन्थ-डे ॲड्व्हेंटिस्ट मंडळी त्यांपैकींच होय, आणि १९४२ सालीं पुण्यास आलेलें स्पायसर विद्यालय तिचेंच.

मिलर ह्यांचें चरित्र वाचतांना मला योना संदेष्ट्याची आठवण होते. चाळीस दिवसांनीं निनवे नगर उलथून पडेल, असें त्यानें पुकारलें. लोकांनीं पश्चात्ताप केला, चाळीस दिवस गेले, आणि नगर जसेंच्या तसें उभें राहिलें. योना रुसून नगराबाहेर बसला. आपला शब्द खोटा पडला ह्याचें त्यास दुःख. पण त्या नगरांतील एक लक्ष वीस हजारांहून अधिक अजाण लोकांची आणि गुराढोरांचीसुद्धां देवास कींव आली होती. योनाचा मान गेला आणि निनवेचे प्राण वांचले. मिलर ह्यांचाहि मान गेला, परंतु ते रुसले नाहींत.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत प्रभु विलंब कां लावतो ह्याचा उलगडा केला आहे. तो विसरला म्हणून नव्हे, तर कोणाचा नाश होऊं नये, सर्वांनीं पश्चात्ताप करावा, म्हणून तो धीर धरतो. मग २३ ऑक्टोबरच्या त्या सकाळीं जो सूर्य उगवला, तो त्या रडणाऱ्यांस निराशेचा वाटला असला तरी, दयेचाच होता. हंसणाऱ्यांसहि आणखी एक दिवस मिळाला. आपणांसहि आज सकाळीं तसाच एक दिवस मिळाला आहे.

पालकांस एक नम्र विनंती करितों. मूल खोटें बोललें किंवा हट्टास पेटलें म्हणजे देव तुला शिक्षा करील, असें आपण सहज म्हणून जातों. न्याय खरा आहे, आणि तो मुलांपासून लपवूं नये. परंतु त्या न्यायासनावर जो बसणार आहे, त्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत, हें त्यांस प्रथम सांगावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पुढें कोणी तुम्हांस जगाच्या अंताची तारीख सांगूं लागला, तर त्याची थट्टा करूं नका आणि घाबरूंहि नका. त्या दिवसापूर्वीं कोणाची क्षमा मागावयाची राहिली असेल, तर ती आज संध्याकाळीं घरीं जातांना मागा.