काडतूस लहान, जबाबदारी मोठी : जिम कॉर्बेट

जिम कॉर्बेट हे नाव ऐकलं नाही असा मुलगा किंवा मुलगी आपल्या हॉस्टेलमध्ये शोधूनही सापडणार नाही. कुणी शाळेत त्यांच्यावरचा धडा वाचलेला असतो, तर कुणाला फक्त नॅशनल पार्कचं नाव म्हणून कॉर्बेट माहीत असतात. नरभक्षक वाघांचा शिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभं राहतं... मोठ्या मिशा, धिप्पाड देह आणि हातात तोफेसारखी बंदूक! पण ज्या रायफलीबरोबर कॉर्बेट यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, ती त्या काळच्या शिकाऱ्यांच्या मानाने अगदी हलकी होती. इतर साहेब लोक वाघासाठी अंगठ्याएवढ्या जाड गोळीचं काडतूस घेऊन फिरत असताना हा माणूस करंगळीपेक्षाही बारीक गोळीवर विसंबून जंगलात एकटा जात होता. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी असल्यामुळे मला या गोष्टीने पहिल्यांदा कॉर्बेटकडे खेचलं. मोठ्या जनावरासाठी काडतूस निवडायचं ते कशावरून? ताकदीवरून, वजनावरून की आणखी कशावरून? याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच मिळतं असं मला वाटतं.

जिम यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीतालला झाला. वडील ख्रिस्तोफर तिथे पोस्टमास्तर होते. घरात भावंडं भरपूर आणि पैसा बेताचा. जिम अगदी लहान होते तेव्हा वडील वारले. उन्हाळा नैनीतालला आणि हिवाळा खाली कालाढुंगीला, असं त्या कुटुंबाचं आयुष्य होतं. कालाढुंगीच्या जंगलात हा मुलगा पायवाटा, पावलांचे ठसे आणि पक्ष्यांचे आवाज शिकला. माकड ओरडलं तर का ओरडलं, चितळ कुणाला बघून हाक देतं, हे त्याला अभ्यासासारखं पाठ होतं.

त्यांची पहिली बंदूक म्हणजे एक विनोदच होता. ती ठासणीची दुनळी होती, तिची उजवी नळी फुटलेली होती आणि सगळा सांगाडा पितळेच्या तारेने बांधलेला होता! म्हणजे एकच नळी वापरायची आणि एका वेळी एकच बार. बार फुकट गेला तर पुन्हा दारू ठासत बसायचं. पुढे शाळेच्या कॅडेट तुकडीतून त्यांना सरावासाठी .४५० बोअरची मार्टिनी रायफल मिळाली. तीसुद्धा एका वेळी एकच काडतूस घेणारी. या मार्टिनीने त्यांनी लहान वयातच पहिला बिबट्या मारला. एकच गोळी असली की माणूस ती उगाच उडवत नाही. आधी जवळ जातो, नीट बघतो आणि मगच चाप ओढतो. कॉर्बेट यांची ही सवय आयुष्यभर टिकली.

घरची जबाबदारी असल्यामुळे त्यांनी लवकर नोकरी धरली. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधनाच्या लाकडांचं काम केलं आणि नंतर बिहारमध्ये गंगेकाठी मोकामेह घाट इथे माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट घेतलं. तिथे त्यांनी वीसहून अधिक वर्षं मजुरांच्या बरोबरीने काढली. शिकार हा त्यांचा धंदा कधीच नव्हता, हे आपण बहुतेक वेळा विसरतो.

१९०७ साली चंपावतची वाघीण त्यांच्या वाट्याला आली. नेपाळात दोनशे आणि कुमाऊंत दोनशे छत्तीस, असे एकूण ४३६ बळी तिच्या नावावर होते. कॉर्बेट यांनी सरकारला दोन अटी घातल्या. वाघिणीवरचं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना जंगलातून परत बोलवायचं. पैशासाठी मारणारा म्हणून त्यांना ओळख नको होती, आणि दुसऱ्याची चुकलेली गोळी अंगावर घ्यायचीही इच्छा नव्हती. त्या दिवशी त्यांच्याजवळ .५०० बोअरची भारी रायफल होती आणि काडतुसं मोजून तीन. तिन्ही संपली तरी जखमी वाघीण उभीच! शेवटी ते धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची जुनी खिळखिळी बंदूक मागून आणली. वीसेक फुटांवरून झाडलेली ती गोळीही तोंडाऐवजी पंजाला लागली, पण आधीच्या जखमांनी वाघिणीचा जीव तोवर संपत आला होता.

ती मेल्यावर कॉर्बेट यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. तो जुन्या गोळीचा घाव होता. कुणीतरी कधीतरी तिच्यावर अर्धवट गोळी झाडून निघून गेलं होतं. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे ४३६ माणसांच्या मरणामागे एक न लागलेली, किंवा नको तिथे लागलेली गोळी होती. मला वाटतं, काडतूस निवडण्याचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची. तिचं काडतूस मुळात जर्मन माऊजरचं ७ × ५७. सात म्हणजे नळीचा व्यास सात मिलिमीटर आणि सत्तावन्न म्हणजे केसची लांबी. इंग्रजांनी तेच सात मिलिमीटर इंचात मोजून त्याला .२७५ म्हटलं. नळीत खाचा असतात, त्यामुळे प्रत्यक्ष गोळी किंचित जाड, .२८४ इंचाची असते. वाघासाठी त्यांच्याकडे जेफरी कंपनीची .४५०/४०० ही भारी दुनळीही होती.

आता थोडं गणित करू या, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत ना! .२७५ ची गोळी साधारण ९ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास. ऊर्जा येते सुमारे २९०० ज्यूल. .४५०/४०० ची गोळी २६ ग्रॅमची, वेग ६५० मीटरच्या जवळपास, ऊर्जा ५५०० ज्यूल. म्हणजे भारी काडतुसाची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. पण संवेग काढला तर तो सव्वादोन पटींहून जास्त निघतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तो सगळा धक्का आपल्या खांद्याला बसतो. धक्का सोसायला बंदूक जड करावी लागते. जड बंदूक दिवसभर डोंगरात वाहायची, आणि दुनळीत गोळ्या फक्त दोन. हलकी माऊजर रायफल मात्र मॅगझिनमध्ये पाच काडतुसं घेते. एक गोष्ट मिळवली की दुसरी सोडावी लागते, हे आपण डिझाइनच्या पेपरात शिकतोच.

याचा निकाल ११ एप्रिल १९३० ला लागला. चौगढच्या वाघिणीने ६४ माणसं मारली होती. कॉर्बेट तिच्या मागावर एका नाल्यातून चालले होते. वाटेत त्यांना रातव्याची दोन अंडी दिसली. त्यांना पक्ष्यांची अंडी जमवायचा नाद होता, म्हणून ती त्यांनी डाव्या हातात घेतली. एका मोठ्या खडकाला वळसा घालून सहज मागे पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण झेप घ्यायच्या तयारीत! .२७५ उजव्या हातात, छातीवर आडवी. झटकन वळले असते तर वाघिणीने उडी घेतली असती. त्यांनी एका हाताने रायफल इंच इंच करत पाऊण वर्तुळ फिरवली आणि तशीच झाडली. वाघीण जागच्या जागी कोसळली. अंडी शाबूत राहिली आणि नंतर त्यांनी ती परत घरट्याच्या जागी नेऊन ठेवली. रायफल हलकी होती म्हणूनच आपण वाचलो, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. कागदावर दुप्पट ताकदीचं काडतूस त्या क्षणी निरुपयोगी ठरलं असतं, कारण ती बंदूक एका हाताने फिरलीच नसती.

आज अमेरिकेत एल्क नावाचं, आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण मारायला कायद्याने परवानगी आहे. तिथले शिकारी लांबून मारण्यासाठी कोणतं काडतूस चांगलं यावर खूप वाद घालतात. १९६२ साली आलेलं ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम त्यांच्या खास आवडीचं. त्याच्या गोळीची जाडी अगदी कॉर्बेट यांच्या गोळीएवढीच आहे, फक्त मागे दारू जास्त. पण दारू वाढवून अंतराचा प्रश्न संपत नाही. ८०० मीटर वेगाची गोळी ४०० मीटर जायला, हवेचा विरोध सोडून दिला तरी, अर्धा सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सव्वा मीटर खाली येते. ते दुर्बिणीने जुळवता येतं म्हणा. पण त्या अर्ध्या सेकंदात जनावराने एक पाऊल टाकलं तर? हृदयावर नेम धरलेली गोळी पोटात जाते, आणि जखमी जनावर झाडीत नाहीसं होतं. कॉर्बेट यांनी हा प्रश्न काडतूस बदलून सोडवला नाही. त्यांनी अंतर कमी केलं आणि त्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावला.

पुढे त्यांचा शिकारीवरून जीव उडत गेला. वनअधिकारी चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो पाहून त्यांनीही कॅमेरा हातात घेतला. १९३६ साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. नरभक्षकांसाठी मात्र १९३८ पर्यंत, म्हणजे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत, ते धावून गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी छिंदवाड्याला सैनिकांना जंगलात जगायचं शिक्षण दिलं. आपला यवतमाळ जिल्हा आणि छिंदवाडा तेव्हा एकाच प्रांतात होते, हे वाचून मला गंमत वाटली. १९४४ साली त्यांचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक आलं आणि ते जगभर पोहोचलं. १९४७ मध्ये बहीण मॅगीबरोबर ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. त्या राष्ट्रीय उद्यानाला नंतर त्यांचंच नाव दिलं गेलं आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली.

मित्रांनो, लोहाऱ्यात बसून कुमाऊंची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या जिल्ह्यात टिपेश्वरला वाघ आहेत. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात टी-वन वाघिणीच्या धाकाने लोक कापूस वेचायला शेतात जायला घाबरत होते. तेरा बळी तिच्या नावावर सांगितले गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली आणि त्या एका गोळीवरून किती वाद झाला ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गेलेल्या माणसांचं दुःखही खरं होतं आणि वाघिणीबद्दलची हळहळही खरी होती.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आहे, आणि ते योग्यच झालं. आपल्यापैकी कुणाला वाघासाठी काडतूस निवडायची वेळ येणार नाही. पण उद्या आपण पूल बांधू, मशीन बनवू, सॉफ्टवेअर लिहू. तिथेही जास्त हॉर्सपॉवर घेतली की काम झालं असं वाटायचा मोह होईल. तेव्हा चंपावतच्या वाघिणीचे तुटलेले सुळे आठवावेत. कुणीतरी एक काम अर्धवट सोडून निघून गेला, आणि त्याची किंमत ज्यांचा काही संबंध नव्हता अशा ४३६ घरांनी मोजली.