निजामशहाचा वैद्य आणि हिरावलेले ग्रंथ

अहमदनगरची निजामशाही म्हटली की चांदबिबी आठवते, मलिक अंबर आठवतो, भुईकोट किल्ल्याची भक्कम तटबंदी डोळ्यांसमोर येते. मात्र याच दरबारात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याहून येणाऱ्या एका पोर्तुगीज वैद्याची आठवण नगरमध्ये, आजच्या अहिल्यानगरात, फारशी कुणी काढत नाही. गार्सिया द ओर्ता हे त्याचे नाव. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता आणि स्नेहीही होता. जगाच्या वैद्यकाच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. पण ख्रिस्ती म्हणून वावरणाऱ्या या माणसाचे घराणे मूळचे ज्यू होते. त्या घराण्यावर पुढे जे बेतले ते समजून घ्यायचे, तर ज्यू धर्मात मूळ धर्मग्रंथाशेजारी दुसरे कोणते ग्रंथ ठेवलेले असतात हे आधी पाहावे लागते.

ओर्ताचे आईवडील स्पेनचे. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांत तिथेही तीच वेळ आली. १४९७ मध्ये राजा मानुएलने ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला आणि त्यांच्या हिब्रू ग्रंथांवर बंदी घातली. ज्या पोर्तुगालमध्ये दहा वर्षांपूर्वी, १४८७ साली, फारो गावी हिब्रू तोरा छापली गेली होती, तिथे आता हिब्रू पुस्तक घरात सापडणे हा गुन्हा ठरला. सवलत होती ती लॅटिन न जाणणाऱ्या वैद्यांना, आणि तीही केवळ वैद्यकाच्या पुस्तकांपुरती. शरीर बरे करणारे हिब्रू चालत होते, आत्म्याचे हिब्रू चालत नव्हते. या बाटवलेल्या लोकांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. अशा घरात, कास्तेलो द विद या सीमेजवळच्या गावी, १५०१च्या सुमारास गार्सियाचा जन्म झाला.

लिहिलेली तोरा, बोललेली तोरा

नगर जिल्ह्यातल्या वाचकाला हा विषय समजायला नेवाशाचा आधार पुरेसा आहे. गीता मूळ ग्रंथ, पण मराठी घरात ती पोचली ती ज्ञानेश्वरीच्या हाताला धरून. मूळ ग्रंथ आणि त्याचा उलगडा अशी जोडी आपल्या ओळखीची आहे. ज्यू परंपरा मात्र याच्याही एक पाऊल पुढे जाते. मोशेला सिनाय पर्वतावर लिखित तोरा मिळाली, आणि तिच्याबरोबरच तिचा तोंडी उलगडाही मिळाला, अशी तिची श्रद्धा आहे. हा उलगडा गुरूकडून शिष्याकडे तोंडी येत राहिला. जेरुसलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडल्यावर तो विसरला जाण्याची भीती वाटू लागली. मग सन २००च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी त्याचे संकलन केले. ते ‘मिश्ना’. पुढे पॅलेस्टाइन आणि बाबिलोन इथल्या विद्यापीठांत मिश्नावर जी चर्चा झाली, ती दोन ‘तालमुदां’त उतरली. त्यांतले बाबिलोनचे तालमुद अधिक मोठे आणि अधिक मान्य. रब्बींचे वाद त्यात मिटवून टाकलेले नाहीत. जे मत मान्य झाले नाही, तेही कुणाचे होते हे सांगून जपून ठेवले आहे.

या ग्रंथांचे काम काय, हे स्वयंपाकघरात सर्वांत चांगले दिसते. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये, असा नियम तोरात तीनदा येतो. एवढ्यावरून रोजचा स्वयंपाक कसा करायचा? रब्बींनी त्याचा अर्थ विस्तारला. मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, एकत्र खायचे नाही. पुढे दोन्हींची भांडीही वेगळी झाली. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, काम करू नये असे तोरा सांगते. पण काम म्हणजे काय? मिश्नाने पेरणीपासून ओझे वाहून नेण्यापर्यंत ३९ प्रकारची कामे मोजून दिली. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरात दिवा लावायचा ही प्रथा तर तोरात नाहीच. ती रब्बींनी घालून दिलेली. मूळ ग्रंथ काय करावे ते सांगतो. कसे करावे हे सांगते ती ही दुसरी परंपरा.

म्हणूनच पोर्तुगालमधल्या ग्रंथबंदीचा घाव खोल होता. मूळ धर्मग्रंथ ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्येही ‘जुना करार’ म्हणून असतो. तो लॅटिनमध्ये नवख्रिस्तींना वाचता येत होता. हिरावली गेली ती मिश्ना, तालमुद, प्रार्थनेची पुस्तके आणि ती शिकवणारे रब्बी. तरीही त्या ग्रंथांनी लावलेले वळण शिल्लक राहिले. शुक्रवारी घरात स्वच्छ कपडे अंथरायचे, संध्याकाळी दिवा लावायचा, डुकराचे मांस टाळायचे, प्रायश्चित्ताच्या दिवशी उपास करायचा. हे आईने मुलीला सांगायचे, तेही दार लावून. जे आठवत नव्हते ते जुन्या करारातून भरून काढले जाई. परक्या राजवाड्यात आपला धर्म लपवून राहिलेल्या राणी एस्तेरचा उपास त्यामुळेच या लोकांना अत्यंत जवळचा झाला.

गोवा, नगर आणि मुंबई

गार्सिया सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, गावी परतून त्याने वैद्यकी केली, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून त्याने हिंदुस्थानचे जहाज पकडले. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधणारे न्यायालय, स्थापन झाले.

गोव्यात त्याचा जम बसला. व्हाइसरॉयपासून व्यापाऱ्यांपर्यंत त्याचे रुग्ण होते. अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाकडे तो अनेकदा गेला. विद्येची आवड असलेल्या त्या दरबारात इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ अरबीतून वाचणारे हकीम होते. ओर्ताने तोच ग्रंथ लॅटिनमधून वाचलेला. एकेका औषधाचे अरबी नाव, लॅटिन नाव, स्थानिक नाव यांची चर्चा रंगत असे. १५५४च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबईचे बेट खंडाने दिले. तिथल्या आंब्यांचे कौतुक त्याच्या पुस्तकात आहे.

ते पुस्तक, हिंदुस्थानातील औषधींवरील संवाद, गोव्यात १५६३ साली छापले गेले. महाकवी कामोंइश याची पहिली छापील कविता याच पुस्तकात आहे. पुस्तकात रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. ग्रीक आणि रोमन आचार्यांचे म्हणणे तो प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूशी ताडून बघतो, आणि जुळले नाही तर तसे सांगतो. मलुपा नावाच्या हिंदू वैद्याचे ज्ञान तो मोकळेपणाने मांडतो. पटकीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकात प्रसिद्ध आहे. १५६७ मध्ये क्लुसियसने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि पुस्तक युरोपभर गेले. औषधांबाबत कोणताही प्रश्न चारचौघांत विचारणाऱ्या या माणसाला आपल्या पूर्वजांच्या धर्माविषयी मात्र घराबाहेर एक शब्द काढता येत नव्हता.

लिस्बनमध्ये इन्क्विझिशनच्या कचाट्यातून सुटलेल्या त्याच्या बहिणी १५४९ च्या सुमारास गोव्यात आल्या. पण १५६० साली इन्क्विझिशनही गोव्यात आले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारीना पकडली गेली. ओर्ता मोशेचा धर्मच खरा मानत असे, अशी जबानी तिच्या नवऱ्याने दिली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारीनाला गोव्यात जाळण्यात आले. १५८० च्या डिसेंबरमध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. अशा खटल्यांत तपासनीस शोधत ते शुक्रवारचे दिवे, बदललेल्या चादरी आणि उपास. ग्रंथ तर आधीच नेले होते. आता त्यांनी लावलेल्या सवयींचा हिशेब मागितला जात होता.

त्याच १५६८ साली कोचीनमध्ये परदेशी ज्यूंचे सिनेगॉग उभे राहिले. तिथल्या राजाच्या आश्रयाने मूळ ग्रंथ आणि रब्बींचे ग्रंथ उजळ माथ्याने वाचले जात होते. आणि ओर्ताच्या मुंबई बेटासमोरच्या कोकणात, तेलाच्या घाण्यावर राबणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत होते. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडेही रब्बींचे ग्रंथ नव्हते. शब्बाथ, सुंता आणि एकच देव मानणारी एक हिब्रू प्रार्थना त्यांनी टिकवली होती. फरक एवढाच की त्या सवयींसाठी कोकणात त्यांना कुणी जाळले नाही. पुढे कोचीनच्या ज्यूंशी संबंध आला आणि हरवलेली परंपरा शिकता आली.

१८७४ साली पुण्यात हगादा हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापले गेले. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची कथा वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचण्यासाठी रब्बींनी सिद्ध केलेले हे पुस्तक आहे. त्या रात्री घरातल्या लहान मुलाने जेवणाच्या ताटापाशी बसून प्रश्न विचारायचे असतात: आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? मोठ्यांनी उत्तर द्यायचे असते, सर्वांना ऐकू जाईल असे. ओर्ताच्या गोव्यातल्या घरात हा प्रश्न मोठ्याने विचारण्याची सोय नव्हती. पुण्यात तो मराठीत विचारता आला.