दोन चाकांवरचा संसार : फॅनी बुलक वर्कमन

चहा, साखर, बिस्किटे, चीज, डबाबंद मांस आणि पाणी. दोघांसाठी दोन उशा आणि प्रत्येकी एक घोंगडी. लिहिण्याचे साहित्य, औषधांची पेटी आणि सायकलदुरुस्तीची हत्यारे. नोव्हेंबर १८९७ मध्ये पूर्वेकडील देशांच्या प्रवासाला निघालेल्या एका अमेरिकन दांपत्याचा हिंदुस्थानातील रस्त्यांवरचा संसार जवळजवळ एवढाच होता. पत्नीचे वय होते ३८ आणि पतीचे ५०. पुढील सुमारे अडीच वर्षांत या दोघांनी हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन आणि जावा या भागांत सायकलवरून सुमारे १४,००० मैलांचा, म्हणजे २२,५०० किलोमीटरचा प्रवास केला. त्या पत्नीचे नाव फॅनी बुलक वर्कमन.

फॅनी यांचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी झाला. घरची सुबत्ता मोठी होती. वडील अलेक्झांडर बुलक हे पुढे त्या राज्याचे राज्यपाल झाले. आईच्या माहेरी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. फॅनी यांचे प्रारंभीचे शिक्षण घरीच, खास नेमलेल्या शिक्षिकांकडून झाले. पुढे न्यूयॉर्क, पॅरिस आणि ड्रेस्डेन येथे शिकून त्या १८७९ साली मायदेशी परतल्या. फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांना चांगल्या अवगत होत्या. १८८२ साली डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विल्यम त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे होते. डोंगर चढण्याची गोडी फॅनी यांना लावली ती विल्यम यांनीच, न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन या डोंगररांगेत. अमेरिकेतील गिर्यारोहण मंडळांत स्त्रियांनाही प्रवेश होता, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली.

१८८४ साली त्यांना रेचेल ही मुलगी झाली. काही वर्षांनी विल्यम यांनी प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकी सोडली आणि हे कुटुंब जर्मनीत राहावयास गेले. तेथे १८८९ साली सीगफ्रीड हा मुलगा जन्मला. तो चार वर्षांचा होतो न होतो तोच, १८९३ साली, इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाने दगावला. या आघातानंतर फॅनी घरात रमल्या नाहीत. रेचेलला शिक्षिकांच्या आणि वसतिगृहांच्या हाती सोपवून पती-पत्नी प्रवासाला निघू लागले. आईने असे करावे काय, हा प्रश्न त्या काळीही लोकांच्या मनात आला असेल. फॅनी यांनी त्याचे उत्तर देण्याची तसदी घेतली नाही.

या प्रवासाचे वाहन होते सायकल. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी जुनी उंच सायकल एव्हाना मागे पडली होती. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची आणि साखळीने चालणारी सायकल बाजारात आली, तर १८८८ साली डनलप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. उंच सायकलवर सामान ठेवण्यास जागाच नव्हती. एखादी वळकटी हँडलला बांधली की संपले. नव्या सायकलीवर मागच्या चाकावर, हँडलवर आणि मधल्या चौकटीत अशा तीन जागा मिळाल्या. ओझे वाटून बांधता येऊ लागले आणि लांबचा प्रवास आवाक्यात आला. लांब झग्यात वावरणाऱ्या स्त्रियांनाही ही सायकल चालवणे शक्य झाले. फॅनी स्वतः स्कर्ट घालूनच सायकल चालवीत.

१८९५ साली दोघांनी अल्जीरिया आणि त्यानंतर स्पेन पालथा घातला. स्पेनमधील प्रवास सुमारे २,८०० मैलांचा होता. प्रत्येकाच्या सायकलवर सामान असे वीस पौंड, म्हणजे सुमारे नऊ किलो. दिवसाची मजल सरासरी पंचेचाळीस मैलांची असे आणि कधी कधी ती ऐंशी मैलांवरही जाई. नऊ किलो हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सायकलस्वार आपले ओझे स्वतःच्या पायांनी ओढतो. सपाट रस्त्यावर ते फारसे जाणवत नाही; चढ लागला की प्रत्येक किलोचा हिशेब मांडिया मागतात. शिवाय ओझे उंच आणि सैल बांधले तर सायकल डोलते, आणि सगळे एकाच बाजूला बांधले तर हँडल त्या बाजूला ओढते. म्हणून जड वस्तू खाली आणि घट्ट, हलक्या वस्तू वर, वारंवार लागणाऱ्या वस्तू हाताशी, ही रीत अनुभवाने रूढ झाली.

हिंदुस्थानात येताच या सामानाची कसोटी लागली. देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाण्याचा त्यांचा बेत होता. येथील प्राचीन मंदिरे आणि वास्तू पाहणे, त्यांची छायाचित्रे घेणे हा मुख्य हेतू. वाटेतील मुक्काम बहुधा डाक बंगल्यांत असे. तेथे खाट मिळे, पण अंथरूण-पांघरूण प्रवाशाने स्वतः आणावे असा त्या काळचा शिरस्ता होता. उशी आणि घोंगडी ही चैनीची वस्तू नव्हती ती यामुळे. जेथे डाक बंगला नसे तेथे रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात रात्र काढावी लागे. काही ठिकाणी उंदरांचा सुळसुळाट असे. डासांचे थवे तर सर्वत्र.

परंतु खरा प्रश्न होता पाण्याचा. उन्हात दिवसभर सायकल चालवणाऱ्या माणसाला पाच लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागू शकते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दोघांचे एका दिवसाचे पाणी बरोबर घ्यायचे म्हटले तर दहा किलो ओझे झाले. एका सायकलवरच्या सगळ्या सामानाइतके! अन्न वाळवून हलके करता येते, कपडे कमी करता येतात. पाण्याचे वजन मात्र कोणत्याही युक्तीने घटत नाही. तेव्हा थोडे पाणी जवळ ठेवायचे आणि पुढचे पाणी कोठे मिळेल याचा अंदाज बांधून वाट ठरवायची, एवढाच मार्ग उरतो. वर्कमन दांपत्य शक्यतो रेल्वेमार्गाच्या जवळून जाणारे रस्ते धरीत, याचे कारण हेच. स्थानकावर पाणी मिळे, खाण्याचे जिन्नस मिळत आणि रात्रीपुरते छप्पर मिळे. तरीही कित्येक दिवस असे गेले की खायला-प्यायला पुरेसे काही मिळाले नाही.

पाणी मिळाले तरी ते पिण्याजोगे असेलच असे नव्हते. पटकीचा जंतू दूषित पाण्यातून पसरतो, हे रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये आणि १८८४ साली कोलकात्यात केलेल्या संशोधनातून दाखवून दिले होते. विल्यम डॉक्टर होते. त्यांना याची जाणीव नसती तरच नवल. सामानाच्या यादीत चहाला आणि साखरेला मिळालेले मानाचे स्थान या संदर्भात पाहिले पाहिजे. चहा करायचा म्हणजे पाणी उकळणे आलेच, आणि उकळलेले पाणी निर्धोक. तो काळही कठीण होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती आणि देशाचा मोठा भाग १८९६-९७ च्या दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता. ज्या विहिरीवर गावाचेच भागत नाही, तेथे परक्या वाटसरूने पाणी मागायचे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

दुसरा शत्रू होता पंक्चर. एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. आज रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणारा सहज सापडतो; तेव्हा या सायकली पाहण्यास गावोगावचे लोक जमत, पण त्यांतला कोणी त्या दुरुस्त करू शकत नसे. टायर उतरवायचा, ट्यूब बाहेर काढायची, छिद्र शोधायचे, तेवढा भाग घासून त्यावर सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवायचे आणि पुन्हा हवा भरायची. छिद्र शोधण्याची सोपी रीत म्हणजे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहणे. ज्या रस्त्यावर घोटभर पाणी जपून प्यावे लागते, तेथे या कामाला पाणी कोठून आणणार? मग कान लावून हवेचा फुसकारा ऐकायचा, नाही तर ओलसर बोट फिरवून पाहायचे. हे चाळीस वेळा, तेही भर उन्हात. दुरुस्तीची पेटी त्या सामानात औषधांच्या पेटीशेजारी असावी यात आश्चर्य नाही.

या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले. मंदिरांच्या शिल्पांविषयी त्यात जिव्हाळ्याने लिहिले आहे. मात्र ती शिल्पे ज्यांच्या पूर्वजांनी घडवली, त्या समकालीन माणसांविषयी तितकी आस्था त्यात आढळत नाही. दगडातील हिंदुस्थान फॅनी यांनी बारकाईने पाहिला. जिवंत हिंदुस्थान त्यांच्या सायकलीच्या वेगाने मागे पडत गेला, असे म्हणावे लागते.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातील उकाडा असह्य होऊन दोघे काश्मीर आणि लडाखकडे वळले. तेथे सायकली बाजूला ठेवून त्यांनी १४,००० ते १८,००० फूट उंचीच्या खिंडी पायी ओलांडल्या. या प्रवासाने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे १९१२ पर्यंत हिमालयाने आणि काराकोरमने त्यांना पुन्हा पुन्हा ओढून आणले. १८९९ साली बियाफो हिमनदीच्या परिसरात फॅनी यांनी तीन शिखरे चढली. त्यांतील एकाला त्यांनी सीगफ्रीडहॉर्न असे आपल्या गेलेल्या मुलाचे नाव दिले. १९०६ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्या नुन-कुन पर्वतसमूहातील पिनॅकल पीक या शिखरावर पोहोचल्या. त्याची उंची सुमारे ६,९३० मीटर आहे. एखाद्या स्त्रीने गाठलेली ही सर्वाधिक उंची हा विक्रम पुढे १९३४ पर्यंत अबाधित राहिला. अ‍ॅनी पेक या दुसऱ्या अमेरिकन गिर्यारोहक स्त्रीने पेरू देशातील शिखर चढून आपला विक्रम मोडल्याचा दावा केला, तेव्हा फॅनी यांनी स्वतःच्या खर्चाने मोजणीदारांचे पथक पेरूला पाठवले आणि ते शिखर कमी उंचीचे असल्याचे सिद्ध करून दाखवले. असा त्यांचा स्वभाव होता.

पर्वतांत मात्र सामानाचे गणितच पालटले. सायकलवर असताना जे स्वतःला पेलेल तेवढेच घ्यायचे, हा नियम आपोआप पाळला जाई. हिमनद्यांवर तंबू, अंथरुणे, मोजणीची उपकरणे, कॅमेरे आणि महिन्यांचे धान्य न्यावे लागे, आणि ते सारे स्थानिक हमालांच्या पाठीवर. अपुरे कपडे आणि साधी पादत्राणे यांवर बर्फातून चालणारे हे लोक पुढे जाण्यास कुरकुरत, कधी काम सोडून निघून जात. फॅनी यांनी आपल्या लेखनात त्यांना आळशी आणि अप्रामाणिक ठरवले आहे. नऊ किलोचे ओझे स्वतः चढावर ओढलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्याचा विचार अधिक सहानुभूतीने करावयास हवा होता. तो त्यांनी केला नाही, आणि त्यांच्या मोहिमांतील बऱ्याच अडचणींचे मूळ येथेच होते.

त्यांच्या कार्याचे मोल यामुळे नाकारता येत नाही. १९११ आणि १९१२ साली त्यांनी सियाचीन हिमनदीचा शोध घेतला. १९१२ च्या मोठ्या मोहिमेचे नेतृत्व फॅनी यांच्याकडे होते, तर सर्वेक्षणात भारतीय सर्वेक्षण खात्यातील सर्जनसिंग यांचा सहभाग होता. याच मोहिमेत इटलीहून आलेला एक हमाल बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. त्याच भेगेपासून फॅनी थोडक्यात बचावल्या होत्या. मोहीम थांबवावी असे क्षणभर वाटूनही त्यांनी ती पूर्ण केली. सुमारे २१,००० फूट उंचीवर, स्त्रियांना मताधिकार मिळावा अशी मागणी करणारे वृत्तपत्र हाती धरून काढलेले त्यांचे छायाचित्र याच वर्षीचे आहे. त्यापूर्वी १९०५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे त्यांचे व्याख्यान झाले होते. इझाबेला बर्ड यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात व्याख्यान देणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्रीही त्याच.

आईपासून दूर वाढलेली रेचेल भूशास्त्रज्ञ झाली. तिचा विवाह १९११ साली अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशी झाला. ते कानपूरच्या लोकरीच्या गिरणीमुळे नावारूपाला आलेले उद्योजक होते. ज्या देशाच्या रस्त्यांवरून आईने सायकल हाकली, त्या देशाशी मुलीचेही नाते असे जुळले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर वर्कमन दांपत्याचे प्रवास थांबले. १९१७ पासून फॅनी यांची प्रकृती ढासळत गेली आणि दीर्घ आजारानंतर २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधील कान येथे त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राद्वारे त्यांनी रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या अमेरिकेतील चार महिला महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर दिले. विल्यम त्यांच्यानंतर बारा वर्षे जगले. वूस्टर येथील दफनभूमीत या दोघांचे एकत्र स्मारक असून त्यावर हिमालयाचे आद्य संशोधक असा त्यांचा उल्लेख केलेला आहे. सायकलीचा उल्लेख तेथे नाही.