बंदिवासातील रामगायक : भद्राचल रामदास

कुकटपल्लीच्या दक्षिणेस सुमारे बारा किलोमीटरवर गोवळकोंड्याचा दुर्ग उभा आहे. बालाहिसारच्या वाटेवर उंच भिंतींची एक अंधारी कोठडी लागते. तीत उजेड येतो तो केवळ वरच्या झरोक्यातून. भिंतीवर राम, लक्ष्मण, हनुमान यांच्या आकृती कोरलेल्या दिसतात. आंध्र-तेलंगणातील आबालवृद्धांच्या मुखी ज्यांची कीर्तने आजही आहेत, त्या भद्राचल रामदासांचा बंदिवास येथेच घडला, अशी परंपरा आहे.

रामदासांचे मूळ नाव कंचर्ला गोपण्णा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आजच्या खम्मम जिल्ह्यातील नेलकोंडपल्ली या गावी त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव लिंगण्णा व मातेचे कामांबा. कुतुबशाहीच्या अखेरच्या पर्वात कारभार चालविणारे आकण्णा व मादण्णा हे त्यांचे मामा होत. छत्रपती शिवाजी महाराज इ. स. १६७७ मध्ये भागानगरास आले, तेव्हा त्यांच्याशी झालेल्या सख्यात मादण्णांचा वाटा मोठा होता. त्यामुळे मराठी वाचकांस हे बंधुद्वय परके नाही. मामांच्या वजनाने गोपण्णांस पालवंचा परगण्याची तहसीलदारी मिळाली.

याच परगण्यात गोदावरीच्या तीरी भद्राचलम् आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड येथील घाटांना स्पर्श करीत आलेली गोदामाई येथे विशाल रूप धारण करते. पोकल दम्मक्का नावाच्या वनवासी भाविक स्त्रीला तेथे वारुळात श्रीरामाची मूर्ती सापडली. तिने ताडपत्रांचे छप्पर घालून देवाची सेवा आरंभिली, अशी कथा आहे. ती मूर्ती चतुर्भुज असून वामांकावर सीतामाई विराजमान आहेत. एवढ्या थोर दैवताला छप्पराचा आडोसा पाहून गोपण्णांचे मन व्याकुळ झाले. त्यांनी मंदिर, प्राकार व गोपुर उभारले, देवांसाठी रत्नजडित अलंकार घडविले. लोकांनी वर्गणी दिली, परंतु ती अपुरी पडली, आणि वसुलाचा सरकारी पैसाही त्या कार्यी लागला. परंपरा ही रक्कम सहा लाख मोहरा सांगते.

येथे भक्तीचा व हिशेबाचा प्रश्न एकमेकांसमोर उभा राहतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचे धान्यकोठार भुकेल्यांस मोकळे केले. ती कथा महिपतींनी भक्तविजयात गायिली आहे. दामाजीपंतांचा अपराध क्षुधेने पीडित झालेल्या जनांसाठी होता, गोपण्णांचा देवालयासाठी. हेतू शुद्ध असला तरी द्रव्य दुसऱ्याच्या विश्वासाचे होते. अबुल हसन तानाशहाच्या दरबारी जाब विचारला गेला तेव्हा गोपण्णांपाशी हिशेब होता, परंतु भरणा नव्हता. त्यांस गोवळकोंड्यात कैद झाली. परंपरेने हा काळ बारा वर्षांचा मानला आहे.

त्या कोठडीत गोपण्णांचे रामदास झाले. पद गेले, आप्तांचा आधार निरुपयोगी ठरला, तेव्हा उरलेल्या एकमेव सोबत्याशी त्यांनी संभाषण मांडले. ते कधी आर्जवाचे, कधी भांडणाचे आहे. एका कीर्तनात ते सीतामाईची विनवणी करतात, की एकांतात प्रभू प्रसन्न असतील तेव्हा आपल्यासाठी एक शब्द टाकावा. दुसऱ्यात देव एक अक्षरही बोलत नाही, याचे दुःख आहे. एका प्रसिद्ध कीर्तनात तर तहसीलदाराची लेखणी जागी होते. कोणत्या भावासाठी कोणता दागिना केला व त्यास किती मोल पडले, याची यादी ते देवापुढे वाचतात आणि हा थाट कोणाच्या पैशावर चालला आहे, असे खडसावून विचारतात. परंतु लगेच भान येते. मार सोसवेना म्हणून तोंडातून वाईट शब्द गेले, असे म्हणून ते क्षमा मागतात. नामदेवांचा विठ्ठलाशी कलह किंवा जनाबाईंचा रुसवा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस हे प्रेमाचे भांडण ओळखीचे वाटेल. यांखेरीज उत्पलमाला व चंपकमाला या वृत्तांतील दाशरथी शतकही त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे.

सुटकेची कथा सर्वश्रुत आहे. रामोजी व लक्ष्मोजी नावाचे दोन तरुण मध्यरात्री तानाशहापुढे उभे राहिले, संपूर्ण रक्कम मोजून पावती घेऊन गेले, आणि ती पावती कैद्याच्या उशाशी सापडली. बादशहास साक्षात्कार झाला व त्याने रामदासांस सन्मानाने मुक्त केले. ज्या देवावर आपण रागावलो त्याने बादशहास दर्शन दिले आणि आपणांस मात्र दिले नाही, या विचाराने रामदासांस मुक्तीच्या क्षणीही अश्रू आवरेनात, असे भाविक सांगतात. पुढे त्यांनी सत्तेचे पद जवळ केले नाही. भद्राचलमी परतून उरलेले आयुष्य त्यांनी रामसेवेत व कीर्तनात वेचले.

काळाची गती विलक्षण आहे. मादण्णा व आकण्णा यांची इ. स. १६८६ मध्ये हत्या झाली. पुढील वर्षी आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला, आणि तानाशहा स्वतः दौलताबादच्या किल्ल्यात बंदिवान झाला. यादवांच्या या देवगिरीवरच इ. स. १६९९ च्या सुमारास त्याचा अंत झाला.

त्याच्या राज्याचा मागमूस उरला नाही, परंतु त्याच्या नावे सांगितली जाणारी एक प्रथा टिकली. रामनवमीच्या सीताराम-कल्याणासाठी राज्यकर्त्यांनी मोत्यांच्या अक्षता पाठवाव्या, ही ती प्रथा होय. निजामांनी ती पाळली व पुढे लोकनियुक्त शासनांनीही चालू ठेवली. रामदासांची कीर्तने त्यागराजांस प्रेरणादायी ठरली. विसाव्या शतकात मंगलंपल्ली बालमुरलीकृष्ण यांच्या कंठाने ती घरोघरी पोहोचली.

देवाच्या द्रव्याचा व्यवहार पाहणाऱ्या प्रत्येकाने हे चरित्र मनी धरावे. भक्तीने मंदिर उभे राहते, आणि चोख हिशेबाने ते निर्वेध राहते. रामदासांनी आपल्या चुकीचे मोल देहाने चुकते केले. त्या दंडातून जे गीत उमलले ते मात्र सर्वांच्या वाट्यास आले.