बालकांचा मान राखणाऱ्या मारिया माँटेसरी

इटलीत १८७० साली जन्मलेल्या ह्या कॅथलिक बाई १८९६ साली डॉक्टर झाल्या. १९०७ च्या ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेन्झो ह्या दरिद्री वस्तीत त्यांनी मजुरांच्या लेकरांसाठी बालगृह उघडले. तेथे एकदा त्यांनी मुलांस, रुमालाने हळूच, आवाज न करिता नाक कसे शिंकरावे, एवढेच दाखविले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला! शेंबडी म्हणून सदा हिणविलेल्या त्या जिवांस रागे न भरता ही गोष्ट कोणी शिकविलीच नव्हती. बक्षिसे व शिक्षा दोन्ही बाईंनी वर्गातून काढून टाकिल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही मुलांचे कान पिळले आहेत, हे येथे कबूल करितो. १९३९ साली बाई मद्रासेस येऊन हिंदी शिक्षकांस शिकवू लागल्या. १९५२ साली हॉलंडात त्या देवाघरी गेल्या.