पायातील कणांचे कोडे उलगडणारा सिव्हिल सर्जन

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा ग्रंथ सुपरिचित आहे. मात्र त्यातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कुपवाड ज्या सांगली जिल्ह्यात मोडते, तो जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावानेच अस्तित्वात आला. त्यामुळे कार्टर यांची आठवण या परिसराचीही आहे.

इंग्लंडमधील हल येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या कार्टर यांना चित्रकलेचा वारसा वडिलांकडून मिळाला. १८५८ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. अनवाणी चालणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या एका विचित्र रोगाने त्यांचे लक्ष वेधले. काटा रुतावा, तेथे गाठ यावी, ती फारशी दुखू नये आणि म्हणूनच दुर्लक्षित राहावी, असा हा रोग. कालांतराने पाय सुजे, त्याला अनेक छिद्रे पडत आणि स्रावातून बारीक कण बाहेर येत. रोग हाडापर्यंत पोहोचला की पाय कापण्यावाचून इलाज उरत नसे.

‘मदुरा फूट’ या नावाने हा रोग आधीच नोंदला गेला होता. कारण मात्र अज्ञात होते. कार्टर यांनी ते कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८६० मध्ये हा बुरशीचा रोग असल्याचे मांडले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनीच रूढ केले. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्यात होते. या रोगावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपद भूषवून ते १८८८ मध्ये निवृत्त झाले. १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

नंतरच्या संशोधनाने त्यांच्या निष्कर्षात एक दुरुस्ती केली. काही रुग्णांत हा रोग बुरशीमुळे नव्हे, तर जिवाणूंमुळे होतो आणि दोहोंची औषधे भिन्न आहेत. काळे कण बहुधा बुरशीकडे, तर लाल कण जिवाणूंकडे निर्देश करतात. पांढरट कण दोन्हींत आढळतात. त्यामुळे औषधापूर्वी कणांची तपासणी आजही आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या रोगाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. न दुखणारी गाठही वेळीच दाखवली, तर पाय वाचू शकतो.