मौन प्रार्थनेचे साधक : पूज्य फादर आग्नेल

पूज्य फादर आग्नेल डिसोजा यांचा जन्म २१ जानेवारी १८६९ रोजी गोव्यातील हणजूण येथे झाला. १८९७ साली ते पिलारच्या मठात दाखल झाले. गावोगाव मिशनकार्याचा व्याप असूनही ते परमप्रसादापुढे तासन्‌तास मौन प्रार्थना करीत. त्यांच्या प्रवचनांना बळ त्या मौनातूनच येई. १९१८ पासून ते राशोल सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. तेथेच येशूच्या पवित्र हृदयावर प्रवचन देताना ते कोसळले व २० नोव्हेंबर १९२७ रोजी प्रभूघरी गेले. १९८६ मध्ये पोपमहाशयांनी त्यांना 'पूज्य' घोषित केले.

प्रिय भाविकहो, शेती, बाजार, नोकरी यांची धावपळ आपल्या खानदेशातही आहे. मागण्या मांडून आपण लगेच उठतो; मग प्रभूचे ऐकायचे कधी? आज मिस्सानंतर पाच मिनिटे परमप्रसादापुढे शांत बसू या.